मधलं मडकं

फार जुन्या काळी, तुमच्या पणज्याच्या पणज्याचं बारसंही झालं नव्हतं तेव्हा, डोंगरापलीकडे एक गाव होतं. लहानांनी ऐकावं, मोठ्यांनी कान उघडून ऐकावं. या गोष्टीत चूक मोठ्यांनी केली आणि भोगली लहानांनी.

त्या राज्यात आकडे लिहीत नसत. गावात माणसं किती, हे राजाला कळवायचं ते मडक्यांनी. एका बांबूला ओळीनं मडकी टांगायची आणि त्यांत खडे टाकायचे. उजव्या टोकाचं मडकं एककाचं. त्याच्या डावीकडचं दशकाचं. त्याच्याही डावीकडचं शतकाचं. मडक्यांवर खूण नसे, सगळी एकाच आव्यात भाजलेली. एकच खडा, पण एककात पडला तर एक माणूस, दशकात पडला तर दहा, शतकात पडला तर शंभर. मडकं कुठं टांगलंय, त्यावर सगळी किंमत.

गावात एक बाई पोरांना हे शिकवायची. तिला गणतीबाई म्हणत. तोंडानं फटकळ, पण पोरं तिला सोडून हलत नसत.

एका वर्षी पीक करपलं. कणग्या खरवडून झाल्या. राजानं दवंडी पिटवली, "पुढच्या पिकापर्यंत माणशी एक पोतं ज्वारी मिळेल. एका गाडीत दहा पोती बसतात, अर्धवट गाडी निघणार नाही. म्हणून गणती जवळच्या दहावर आणली जाईल. सुटे चारपर्यंत असतील तर सोडले जातील. पाच किंवा जास्त असतील तर पुढचे दहा धरले जातील."

गणतीबाईनं घरोघर फिरून गाव मोजलं. तीनशे चार माणसं भरली. मग तिनं पोरांना समोर बसवलं.

"तीनशे चार. जवळचा दहाचा आकडा कोणता?"

"तीनशे!"

"गाड्या किती?"

"तीस!"

"आणि वरचे चार?"

"सोडून द्यायचे," एक पोरगी मोठ्या ऐटीत म्हणाली.

"कोणते चार? नावं घे की. तुझी आई सोडू?"

पोरीचा चेहरा पडला. "नको बाई."

"मग ध्यानात ठेव. जवळचा आकडा बोलायला सोपा. पानावर माणसं मात्र खरी तेवढीच बसतात. त्या चौघांना आपण सगळ्यांच्या वाट्यातून मूठमूठ काढून देऊ. कळलं?"

तिनं मडकी टांगली. शतकात तीन खडे, एककात चार. दशकाचं मडकं रिकामं.

पाटील बांबू न्यायला आला. "बाई, हे मधलं रिकामं कशाला?"

"तीन शेकड्यांवर एकही दशक भरत नाही, म्हणून रिकामं. पण ती जागा त्याची आहे. हात लावू नका त्याला. नाहीतर मीच येते बरोबर."

"राजाच्या दारात आता बायका मोजणी शिकवणार? जा, भाकऱ्या थाप."

"पीठ असतं तर थापल्या असत्या, पाटील."

पाटील निघाला. शिवेवर गाव जमलं होतं. एक म्हातारा म्हणाला, "पाटील, शुभ कामाला निघालात आणि खांद्यावर रिकामं भांडं?" दुसरा म्हणाला, "तोंड वर करून बसलंय बघा, गावाला गिळायला." सगळ्यांनी माना डोलावल्या. एकालाही वाटलं नाही, बाईला हाक मारून विचारावं. पाटलानं मधलं मडकं सोडलं आणि बाभळीला अडकवलं. उरलेली दोन जवळजवळ सरकवली. ओझं हलकं झालं. अपशकुन टळला म्हणून लोकांनी गूळ नव्हता तर पाणी पिऊन तोंड गोड केलं.

राजाच्या कोठारावर कोठावळ्यानं मडक्यांत हात घातला. "दशकात तीन, एककात चार. चौतीस. चार सुटे, म्हणजे तीस. तीन गाड्या जोडा रे!"

पाटील दचकला. "मालक, दशक नाही, तीन शेकडे आहेत ते! मधलं मडकं घरी राहिलं."

"काय होतं त्यात?"

"काही नव्हतं."

कोठावळा हसत सुटला. "काही नव्हतं ते घरी राहिलं, म्हणून तुझं गाव दहापट झालं? पाटील, इथं येणारा प्रत्येक जण वाढवूनच सांगतो. आम्ही तोंडाचं ऐकत नाही, मडक्यांचं ऐकतो. चल, मागच्याला येऊ दे."

गावात पोरं झाडावर चढून वाट बघत होती. धूळ दिसली तशी ती ओरडायला लागली, "एक! दोन! तीन!" मग धूळ खाली बसली. मागचा रस्ता मोकळा होता. पोरांना मोजता येत होतं, हीच मोठी वाईट गोष्ट. त्यांना लगेच समजलं.

गणतीबाई तडक शिवेवर गेली. तिनं बाभळीवरचं मडकं काढलं, बांबूला बांधलं आणि स्वतः कोठारावर गेली. कोठार झाडून झालं होतं. "एका गावाच्या दोन गणत्या होत नसतात," कोठावळा म्हणाला. "आता दाणा उरला नाही. बाई, मला तरी काय माहीत?"

तीस पोती तीनशे चार तोंडांना किती पुरणार? आधी आंबील पातळ झाली, मग नुसतं कोमट पाणी राहिलं. म्हातारे गेले. मग अंगावर पिणारी गेली. चालता येणारे घाट उतरून गेले, ते कुठं गेले कोणाला ठाऊक नाही. ऐटीत बोलणारी ती पोरगी आईच्या मांडीवर गेली, आणि दोन दिवसांनी आईही.

पुढच्या वर्षीही पिकानं दगा दिला. पुन्हा दवंडी आली. गणतीबाईनं गाव मोजलं. सदतीस. या वेळी बांबू तिनं स्वतःच नेला.

"सात सुटे," कोठावळा म्हणाला. "पुढचे दहा धरायचे. चाळीस!" चार गाड्या आल्या. राजानं दरबारात सांगितलं, "बघा, त्या गावाला आम्ही मागितल्यापेक्षा जास्त दिलं."

सदतीस पोती घरोघर वाटली गेली. तीन पोती वर राहिली. गणतीबाई त्यांच्यासमोर दिवसभर बसून होती. द्यायला कोणी नव्हतं.

तात्पर्य: रिकाम्या जागेलाही किंमत असते, ती जागा जो काढून टाकतो, तो भरली घरं रिकामी करतो.