गादीवर मोतद्दार

हैबतराव सरनोबत झाले, म्हणजे साऱ्या फौजेचे धनी. पण खोड मात्र साध्या स्वाराचीच राहिली. गनीम खिंडीच्या तोंडाशी आलेला, आणि हे महाराज छावणीत एकेका घोड्याचा तंग आवळत फिरताहेत!

"सरकार, खिंड अडवू की नदी उतरू?" पथकाचा नायक सुभानजी विचारून विचारून वैतागला. त्याची माणसं उघड्या माळावर उभी होती.

"थांब रे! तंग ढिला राहिला तर स्वार पडेल. सगळं मलाच बघावं लागतं!"

बाजूला घोड्यांची निगा राखणारा, तंग आवळणारा मोतद्दार रिकाम्या हातांनी जांभया देत होता. सुभानजीनं त्याचं मनगट धरलं, डेऱ्यात नेऊन सरनोबतांच्या गादीवर बसवलं आणि वाकून मुजरा केला. "हुकूम, सरकार! खिंड की नदी?"

हैबतराव तंगाचा पट्टा हातात घेऊनच धावत आले. "माझ्या गादीवर मोतद्दार? डोकं फिरलं का तुझं?"

"याचं काम आपण घेतलंत, सरकार. मग आपलं काम कुणीतरी करायला नको?"

हैबतरावांच्या हातातला पट्टा गळाला. "खिंड अडव!"

सुभानजी घोड्यावर उडी टाकून निघालासुद्धा. मोतद्दारानं मात्र उठायला जरा वेळच लावला. गादी मऊ होती.