भिवसन, विद्यापीठाचा भागीदार

बोरटेकडी नावाच्या गावात भिवसन नावाचा एक भोळा माणूस होता. सांगितलेलं काम तो सांगितलं तसंच करायचा, एवढाच त्याचा दोष. अंथरुणाला पाठ टेकली की तो घोरायला लागायचा. झोप लागायची नाही ती त्याच्या बायकोला, वैजयंताला.

वैजयंता बी.ए. झालेली. त्यामुळे तिच्या काळज्याही शिकलेल्या होत्या. लहानग्या साऊचं पोट पावसाळ्यापासून सारखं बिघडत होतं. मागच्या महिन्यात तर तालुक्याला नेऊन सलाइन लावावं लागलं. गावाला विहीर एकच. वैजयंता पाणी उकळायची. मग उकळलं की नुसतं तापलं, अशी शंका यायची. म्हणून पुन्हा उकळायची. निम्मं पाणी वाफ होऊन जायचं आणि त्याच्यामागून निम्मी वैजयंता.

अशात विद्यापीठाची माणसं गावात आली. मुलांची पोटं का बिघडतात ते शोधायला.

"गाव आणि विद्यापीठ भागीदार," कुलथे मॅडम ग्रामसभेत म्हणाल्या. "आम्हाला मदतीला गावातला एक माणूस द्या."

ज्याच्या त्याच्या रानात कापूस फुटलेला. रिकामा माणूस एकच होता. गावाने भिवसन देऊन टाकला.

घरातलाच माणूस आत असला तर साऊचं काहीतरी भलं होईल, असं वैजयंताला वाटलं. मग आठवलं, घरातला माणूस म्हणजे हा. त्या रात्रीही झोप गेली.

पहिल्या दिवशी मॅडमनी त्याला बाटली दिली. "विहिरीचं पाणी भरा. बूच घट्ट लावा. सावलीत ठेवा. कुणाला हात लावू देऊ नका."

भिवसनने तसंच केलं.

"शाबास भिवसनराव," मॅडम म्हणाल्या. "प्रत्येक वेळी असंच करायचं."

तिथंच घोळ झाला.

दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "गिरजाआजींना शाळेत घेऊन या. डॉक्टर तपासतील."

भिवसनने आजीला आणलं. शाळेच्या अडगळीच्या खोलीत, सावलीत बसवलं. तोंडाला उपरणं घट्ट बांधलं. डॉक्टर आले तसा दारात आडवा झाला. "हात लावायचा नाही."

गिरजाआजीचं तोंड गावात प्रसिद्ध होतं. त्या दुपारी गावाला कित्येक वर्षांनी शांतता मिळाली. उपरणं सुटल्यावर मात्र आजीने सगळी थकबाकी वसूल केली. भिवसनच्या सात पिढ्या झाल्या, मग विद्यापीठाच्या झाल्या.

"अहो, असं काय करता?" मॅडमनी कपाळ धरलं. "आधी विचारायचं. हो म्हटलं तरच पुढे जायचं. नाहीतर हात जोडून परत यायचं. जबरदस्ती करायची नाही."

"बरं," भिवसन म्हणाला.

पुढच्या दिवशी तो बाटली घेऊन विहिरीवर गेला. काठावर बसला. आत वाकून म्हणाला, "पाणी घेऊ का?"

विहीर गप्प.

बायका हंडे भरून गेल्या, पुन्हा आल्या. एकीने विचारलं, "काय भाऊजी, वैजूने घराबाहेर काढलं का?"

"परवानगीची वाट बघतोय."

"कुणाच्या, तिच्या?"

"विहिरीच्या."

ऊन उतरल्यावर त्याने विहिरीला हात जोडले आणि रिकामी बाटली शाळेत नेऊन दिली.

"विहीर हो म्हणाली नाही," त्याने सांगितलं.

"नाही तरी म्हणाली का?"

"तेही नाही. पण आपण जबरदस्ती कशाला करायची."

मॅडमनी डोळे मिटले. "भिवसनराव, जे बोलत नाही त्याला विचारायचं नसतं. सरळ उचलून आणायचं."

"बरं," भिवसन म्हणाला.

दोन दिवसांनी बैठक होती. मॅडमनी त्याला सरपंच दगडूआबांना बोलवायला पाठवलं. आबा जेवून कडुनिंबाखाली बाजेवर पडले होते.

"आबा, येता का?"

आबा बोलले नाहीत. आबा झोपले होते.

भिवसनने चार गडी गोळा केले. बाज उचलली. थेट बैठकीच्या मधोमध आणून ठेवली. बनियनवरचे आबा दचकून उठले. समोर माणसं दिसली, टेबल दिसलं. सवयीने हात वर करून ते म्हणाले, "मंजूर."

काय मंजूर झालं ते आबांना नंतर कळलं. अर्ध्या घरांना यंदा पाण्याचा फिल्टर, उरलेल्या अर्ध्यांना पुढच्या वर्षी. चिठ्ठ्या टाकून घरं ठरली. वैजयंताचं घर पुढच्या वर्षात गेलं.

ती साऊला कडेवर घेऊन मॅडमकडे गेली. "मॅडम, हिचं पोट पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं नाही."

मॅडमना वाईट वाटलं. खरंच वाटलं. "मला समजतंय. पण अर्ध्यांना स्वच्छ पाणी, अर्ध्यांना आहे तेच, असं केल्याशिवाय फरक दिसत नाही. आणि फरक दिसल्याशिवाय वरच्यांना पटत नाही. चिठ्ठ्या टाकल्या म्हणजे भेदभावही होत नाही."

वैजयंताने ते मनात दोनदा घोळवलं. बी.ए.ला हे नव्हतं. कदाचित आपलंच चुकत असेल, असं तिला सवयीने वाटलं.

शेजारी उभा असलेला भिवसन म्हणाला, "बरं."

आठवड्याने कुलगुरू आले. सोबत वरची बरीच माणसं. त्यांना गावात मुक्काम करायचा होता. फोटोत ते बरं दिसतं. पिठलं-भाकरीचा बेत वैजयंताकडे लागला. पाहुण्यांसाठी तिने पातेलंभर पाणी उकळलं, शंका आली म्हणून पुन्हा उकळलं. वाढायला भिवसन होता.

सकाळी अर्धं विद्यापीठ शेतात होतं. उरलेलं अर्धं शाळेच्या ओट्यावर बसून चहा पीत होतं आणि हसू लपवत होतं.

कुलगुरू बाभळीमागून आले, ते परत बाभळीमागे गेले. मॅडम डबडं हातात घेऊन भिंत धरत आल्या. चेहरा कापसासारखा.

"भिवसनराव, काल आम्हाला पाणी कुठलं दिलंत?"

"अर्ध्यांना उकळलेलं, अर्ध्यांना विहिरीचं," भिवसन म्हणाला. "चिठ्ठ्या टाकल्या, मॅडम. भेदभाव नाही केला. तुमची चिठ्ठी विहिरीची निघाली."



"फरक दिसला," भिवसनने सांगितलं. "वरच्यांना पटलं का तेवढं विचारा."

वरचे तेवढ्यात बाभळीमागून आले. ओट्याचा कठडा धरून कुलगुरू खाली बसले. घोटभर उकळलेलं पाणी प्यायले आणि बारीक आवाजात म्हणाले, "कुलथेबाई, पुढच्या वर्षाची वाट बघू नका. सगळ्या घरांना फिल्टर बसवा. याच आठवड्यात."

 हसावं, रडावं की पाहुण्यांची माफी मागावी, वैजयंताला ठरवता येईना. तिने साऊला पुढे केलं. "साऊ, आजोबांना थँक्यू म्हण."

साऊने कुलगुरूंकडे पाहिलं. मग ओट्यावर चहा पिणाऱ्यांकडे पाहिलं. एकेकाकडे नीट बघून तिने विचारलं, "आई, यांना विहिरीचं पुढच्या वर्षी ना?"