धाकूने फळ्यांचं घर रंगवलं

कोकणातल्या एका गावात धाकू नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती? कुणी "जरा थांब" म्हटलं, तर तो तिथेच थांबायचा. संध्याकाळी त्याची बायको त्याला शोधून घरी न्यायची.

बायकोचं नाव शेवंती. ती बाळंतपणाला माहेरी गेली आणि तिला मुलगा झाला. तिथून तिने निरोप धाडला, "आपल्या घराच्या फळ्या कुजल्यात. फटींतून वारा येतो. नव्या फळ्या बसवा, बाहेरून रंग द्या, तरच पोराला घेऊन येते. तोवर इकडे फिरकू नका."

धाकू फिरकला नाही. पोराचं तोंडसुद्धा त्याने पाहिलं नव्हतं. पोराला घ्यायला त्याचे हात नुसते शिवशिवत होते.

तो वखारीत गेला आणि दिसायला गोरीपान, उचलायला हलकी अशी फळी घेऊन आला. बाबी सुताराने ती बघितली आणि कपाळावर हात मारला.

"मेल्या, ही सावरीची! एका पावसाळ्यात भुसा होईल हिचा. बाहेरच्या भिंतीला ऐनाचं टणक लाकूड लागतं. आणि घ्यायच्या आधी ठोकून बघायचं. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर सोडायचं."

"बरं, बाबीकाका."

धाकू परत गेला. ठोकून ठोकून त्याने ऐनाच्या फळ्या आणल्या. एक नंबर लाकूड! बाबीने सगळ्या फळ्या बसवून दिल्या.

"आता रंग आण," बाबी म्हणाला. "तांबडा आण. ऊनपाऊस सोसेल असा."

धाकू रंगाच्या दुकानात गेला. भरलेले डबे ओळीने मांडले होते. त्याने पहिला ठोकला. बद्द. दुसरा ठोकला. बद्द.

"शेठ, तुमचा सगळा माल कुजलाय," धाकू म्हणाला.

मागच्या बाजूला रिकाम्या डब्यांचा ढीग होता. धाकूने त्यातला एक ठोकला. खण्ण!

"हे द्या!"

"हे कशाला?"

"भिंतीला."

शेठने दिले. गिऱ्हाइकाशी वाद घालायची त्याला सवय नव्हती.

बाबीने घरी झाकण उघडलं. "अरे, रंग कुठाय?"

"रंग नाही. पण वाजतो बघा कसा!"

"डबा वाजवत नाहीत रे बाबा! उचलून बघतात. जड तो चांगला. हलका असला तर हातसुद्धा लावायचा नाही."

"बरं, बाबीकाका."

धाकू गेला आणि रंगाचा जडच्या जड डबा घेऊन आला. बाबी खूश झाला आणि तिथेच चुकला. तो म्हणाला, "शाब्बास! आता शिडीवर चढायला एखादा चांगला माणूस बघून आण."

धाकू निघाला. वाटेत पोस्टमन भेटला. धाकूने त्याला कमरेला धरून उचललं. हलका. खाली ठेवला. पुढे शाळेचे मास्तर भेटले. त्यांनाही उचललं. मास्तर हवेत असताना बरंच काही बोलले. पण वजनात कमी पडले. शेवटी लग्नकार्यात स्वयंपाक करणारा भाऊ आचारी भेटला. तो काही केल्या जमिनीवरून हलेना.

"हाच!" धाकू म्हणाला.

भाऊ शिडीवर चढला. शिडी मोडली. भाऊ खाली आला तो थेट बाबीच्या अंगावर.

बाबी कण्हत उठला. "आता कुणाला आणू नकोस, बाबा. तूच रंगव. नीट ऐक. रंगाचा पहिला हात द्यायचा, वाळेपर्यंत दोन दिवस थांबायचं. मग दुसरा हात, आणखी दोन दिवस थांबायचं. ओलं आहे तोवर कुणाला जवळ येऊ द्यायचं नाही. प्रत्यक्ष देव आला तरी नाही!"

"बरं, बाबीकाका."

आणि काय सांगू! धाकूने अगदी तसंच केलं. एक हात दिला, काठी घेऊन राखण करत बसला. दुसरा हात दिला, परत बसला. कुत्री हाकलली, कोंबड्या हाकलल्या, मासेवालीलाही हाकललं. घर असं झालं की वाटेने जाणारे थांबून बघायला लागले.

शेवंती वडलांबरोबर आली. घर बघून तिला रडूच फुटलं. "अहो, हे तुम्ही केलंत?" असं म्हणून तिने पोर त्याच्या हातात दिलं.

धाकूने पोराकडे बघितलं. "माझ्यावर गेलाय," तो म्हणाला आणि घळाघळा रडला. गावातलं कुणी असं सुखाने रडलेलं मी पाहिलं नाही.

तेवढ्यात त्याच्या हातांना काहीतरी गरम लागलं. त्याने खाली बघितलं आणि रडायचा थांबला. पोराला त्याने अंगणात चटईवर अलगद ठेवलं. मग काठी घेतली आणि समोर उभा राहिला.

"कुणी जवळ यायचं नाही. ओला आहे."

"अहो, द्या इकडे. दुपटं बदलते," शेवंती म्हणाली.

"दोन दिवसांनी."

पोर रडायला लागलं. शेवंती रडायला लागली. सासरे पुढे आले. धाकूने काठी उगारली. "देव आला तरी नाही!"

ऊन कडक होतं. थोड्या वेळाने शेवंती हात जोडून म्हणाली, "अहो, वाळलं असेल हो आता. बघा तरी!"

धाकू बघायला खाली वाकला. त्याच वेळी पोराने कारंजं उडवलं, ते थेट त्याच्या तोंडावर.

धाकूने शांतपणे तोंड पुसलं, परत काठी घेतली आणि म्हणाला, "हा दुसरा हात. आता आणखी दोन दिवस."