तळ्यातल्या पाण्याचा चोर

चंडप्रताप राजाच्या तळ्यातलं पाणी रोज बोटभर कमी व्हायचं, आणि ते कोणीतरी चोरतंय अशी राजाची पक्की खात्री होती!

"समुद्राएवढं पसरट तळं बांधलं मी!" तो गरजला. "तरी चैत्रातच शेतांना पाणी नाही? चोर पकडा!"

शिपाई तळ्याच्या मधोमध, गुडघाभर पाण्यात, भाले घेऊन उभे राहिले. पाणी पिऊन निघालेल्या म्हशींची झडती झाली. एका बगळ्याला तर तीन दिवस कोठडीत ठेवून जाब विचारला. तो काहीच बोलेना, तसा त्याच्यावरचा संशय वाढला! पाणी मात्र घटतच राहिलं. शेवटी राजाने तळ्याची मोरी उघडणाऱ्या म्हाताऱ्या रायबा पाटकऱ्याला बेड्या ठोकल्या.

त्याची मुलगी भिवरा धावत दरबारात आली. बापाच्या पायांतल्या बेड्या तिने पाहिल्या, पण आवाज ढळू दिला नाही.

"महाराज, चोर माझा बाप नव्हे."

"मग खरा चोर उद्या दिवस मावळायच्या आत दाखव! नाहीतर बाप जन्मभर आत!"

"दाखवते. पण पहाऱ्याला तुम्ही स्वतः बसायचं!"

सकाळी तिने महालाच्या अंगणात एक परात आणि एक घागर ठेवली. दोन्हींत दोन-दोन तांबे पाणी ओतलं. राजा तलवार उपसून बसला. घामाने निथळला, पण जागचा हलला नाही. एक कावळा आला, त्यालाही त्याने पिटाळलं.

संध्याकाळी पाहतो तर परात कोरडी ठक्क! घागरीतलं पाणी जवळजवळ होतं तेवढंच.

"कोण आलं होतं?" राजा किंचाळला.

"तो काय, डोंगराआड पळतोय!"

राजाने पाहिलं. सूर्य!

"सेनापती, घोडे काढा!"

सेनापतीने रिकिबीत पाय घातलासुद्धा!

"घोडी कशाला दमवता, महाराज?" भिवरा म्हणाली. "परातीचं तोंड मोठं, म्हणून तो पोटभर प्यायला. घागरीचं तोंड लहान, तिथे त्याचं काही चाललं नाही. तुमचं तळं म्हणजे परात आहे!"

राजा वरमला, पण हट्ट सुटेना. "गुन्हा झालाय! शिक्षा कुणाला तरी व्हायलाच हवी!"

"मग तळ्यालाच करा! चारी बाजूंनी आवळा आणि खोल खड्ड्यात घाला!"

राजा इतका हसला की त्याला उचकी लागली. रायबाच्या बेड्या तिथल्या तिथे निघाल्या. तळं आखायचं काम भिवराकडे आलं, आणि ते आवळल्यावर मोकळी झालेली वीस बिघे जमीन राजाने तिच्याच नावे करून दिली.