एकादशीचं कूपन

द्वारकाबाई ढमढेरे धाकट्या जावेला, कुसुमला घेऊन महाबळेश्वरच्या सहलीला गेल्या आणि मधेच एकादशी आली. जेवणाची कुपनं सहलीच्या पैशांतच होती. दुपारी कुपनं देऊन दोघींनी साबुदाण्याची खिचडी खाल्ली. संध्याकाळी भगर मागितली, तर हॉटेलचे टायवाले मॅनेजर आडवे आले.

"नियम वाचा, आजी. कूपन जेवणाचं आहे. उपवासाचं खाणं म्हणजे जेवण नव्हे. त्याचे वेगळे पैसे पडतील."

भुकेने कुसुमला गरगरत होतं. "द्या ना पैसे, जाऊबाई," ती कळवळून म्हणाली.

"गप बस गं! साहेब, हे जरा मोठ्यानं सांगा. मागच्यांनाही कळू दे."

मॅनेजरांनी छाती फुगवून सगळ्या भोजनगृहाला ऐकवलं.

"झकास! म्हणजे दुपारी खिचडी खाऊन आम्ही जेवलोच नाही. मग घेतलेली कुपनं परत करा. उद्या बारस सोडताना एकेकीला दोन-दोन ताटं वाढा."

मागच्या टेबलावरच्या अकरा उपासकरणी ताडकन उठल्या. "आमचीही द्या हो!"

मॅनेजरांचा हात टायच्या गाठीकडे गेला. "अरे, भगर आणा सगळ्यांना! कुपनावरच!"

"आणि दाण्याची आमटी," द्वारकाबाई पाटावर बसावं तशा ऐसपैस बसत म्हणाल्या, "पाणी घालून वाढवू नका."