गारगोटीचा प्रिंटर

लाइन प्रिंटरचा आवाज अजून माझ्या कानात आहे. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. बँकेच्या मशीनरूममध्ये मी त्याला कागद लावायचो.

त्या दिवशी त्या आवाजावर आवाज चढवून नाडगौडा विचारत होता, “सर, मग किल्ली कधी देताय?”

मुल्ला सर शनिवारी निवृत्त होणार होते. मशीनरूमची किल्ली ज्याच्या हाती, तो प्रमुख. त्यांच्या हाताखालचा नाडगौडा हुशार होता, पण त्याला एका जागी बसवत नसे.

“गारगोटीचा प्रिंटर चालू झाला?” सरांनी विचारलं.

“होईल. कुठल्या जागी पडदा, कुठल्या जागी प्रिंटर, ते माझं कोष्टक बरोबर आहे.”

“मग चालत का नाही?”

“तेच कळत नाही...”

तो उठला. खिडकीपर्यंत गेला. परत आला. गारगोटी शाखेत सकाळपासून शिक्षकांच्या पगाराच्या पावत्या अडकल्या होत्या.

“सेशनचे प्रकार सांग,” सर म्हणाले. सेशन म्हणजे दोन मशीनांचं एकमेकांशी बोलणं.

“आत्ता? सर, ते मला झोपेतही येतात.”

“झोपेत नको. जागेपणी सांग.”

नाडगौडा उभ्यानंच बोलू लागला. “समोर पडदा असेल तर बोलणं आळीपाळीनं. एक बोलत असेल तेव्हा दुसऱ्यानं थांबायचं. समोर प्रिंटर असेल तर आपण सांगायचं, त्यानं छापायचं. तिकडून एवढंच येणार, पोचलं किंवा कागद संपला.”

“आणखी?”

“दोन्हीकडे मोठी मशीनं असतील तर बरोबरीचं नातं. कोणीही सुरुवात करावी. पण कुठलाही प्रकार असो, आपलं मशीन आधी विचारतं, तुझ्याशी असं बोलू का? समोरच्यानं हो म्हटलं तरच पुढचं.”

“गारगोटी काय म्हणते?”

“नाही म्हणते. सारखं नाहीच म्हणते!”

फोन वाजला. नाडगौडानं झडप घातली. गारगोटी शाखेतल्या मालनबाई होत्या.

“हां, मालनबाई. बंद करून चालू केलं? ... नाही नाही, आधी माझं ऐका. दिवा हिरवा आहे? ... ते नंतर. दिवा हिरवा आहे का तेवढं सांगा. हो की नाही? ... मग परत बंद करा. मी सांगतो तसं करा, बाई!”

त्यानं रिसीव्हर आपटला.

“काय म्हणत होत्या?” सरांनी विचारलं.

“काही नाही. त्यांचं आपलं ‘साहेब, मी काय म्हणते’ एवढंच. सकाळपासून चौथा फोन.”

सरांनी मला खूण केली. मी प्रिंटर थांबवला. खोली एकदम मोठी वाटायला लागली.

सरांनी स्वतः गारगोटीला फोन लावला.

“मालनबाई, मुल्ला बोलतोय. बोला.”

आणि ते गप्प बसले.

पलीकडून काहीच येईना. बाईंची बोलायची सवय मोडली असावी... नाडगौडाचा पाय हलत होता. त्यानं तोंड उघडलं. सरांनी त्याच्याकडे न बघता आपलं बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं.

मग बाई बोलू लागल्या. त्या शांततेत मलाही ऐकू आलं.

“साहेब, काल हितं चुना मारला. गड्यांनी सगळ्या वायरी काढल्या हुत्या. परत लावताना पडद्याच्या जागी प्रिंटरची वायर बसली का काय, असं मला वाटतंय...”

“बदलून बघा, बाई. मी धरतो फोन.”

सर वाट बघत राहिले. नाडगौडासुद्धा.

थोड्या वेळानं रिसीव्हरमधून बारीक करकर ऐकू आली. मागून कोणीतरी “आला, आला!” म्हणून ओरडलं.

नाडगौडा हसला. घाम पुसला. “म्हणजे मी पडदा लिहिला होता तिथं प्रिंटर होता! आपलं मशीन त्याला विचारतंय, पडद्यासारखं बोलू का. तो हो म्हणणार कसा? बघा सर, माझं कोष्टक बरोबरच होतं.”

“बरोबरच होतं.”

सरांनी खिशातून किल्ली काढली. टेबलावर ठेवली. त्याच्याकडे सरकवली.

नाडगौडानं हात पुढे केला.

“घे,” सर म्हणाले. “फक्त एवढं सांग बाळ, सकाळपासून मालनबाईंना तू काय धरलं होतंस? पडदा, की प्रिंटर?”

त्याचा हात किल्लीपाशी थांबला...

मग त्यानं तो मागे घेतला, आणि सावकाश चालत बाहेर गेला.