अण्णांच्या तुलेला पोरांचा पाठिंबा

दिल्लीत बहुमत हुकलं, तरी दुसऱ्यांच्या पाठिंब्यावर पक्षाचं सरकार बसलं, म्हणून गावात पक्षाचे पुढारी हणमंतअण्णांची पेढ्यांनी तुला मांडली. पेढे कमी पडले अन् अण्णांचं पारडं जमिनीवरून हलेना.

"अंगणवाडीतलं गुळाचं पोतं आणा रे!" अण्णा गरजले.

गर्दीतून रेश्मा पुढं आली. तिची लेक मैना अंगणवाडीतच जेवायची. धीर करून ती म्हणाली, "गूळ कशाला अण्णा? आमची पोरं देतील की पाठिंबा!" तिनं मैनेसकट चार पोरं पेढ्यांच्या पारड्यात बसवली. अण्णा झोकात वर गेले. टाळ्या पडल्या.

"आता आमची अट," रेश्मा म्हणाली. "गुळाला हात लावायचा नाही, अन् हे पेढेही पोरांना."

"आणि नाही दिले तर?"

"मग पोरं उतरवते."

अण्णांनी दोन्ही हातांनी साखळी घट्ट धरली. "दिले गं बाई, दिले!"